गप्प बसणं म्हणजे ‘हो’?

‘‘माझ्या पगारातले नव्वद डॉलर कुठे गेले?’’

ताईचा हा आवाज मी लहानपणापासून ओळखते. तिचं नवंकोरं कटर माझ्या दप्तरात सापडलं की तो अस्साच लागायचा. फरक एवढाच, की तेव्हा आम्ही चिंचवडच्या दोन खोल्यांत होतो आणि आता न्यू जर्सीतल्या एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये. बाहेर फेब्रुवारीचा बर्फ. आत हीटर फुल्ल, तरी बाबांच्या डोक्यावर माकडटोपी. आई नातीला वरणभात भरवतेय. आणि ताई लॅपटॉपसमोर, टॅक्सचे कागद काढता काढता पे-स्लिपवर येऊन अडकलेली.

2025 सालची ही गोष्ट. आई आधीच नातीसाठी तिकडे गेली होती. मी बाबांना घेऊन गेले आणि एप्रिलमध्ये दोघांना परत आणायचं ठरलं होतं. फ्रीलान्सर असण्याचा हाच तर फायदा! घरात कुणालाही कुठेही सोडायचं-आणायचं असलं, की ‘हिला काय, हिला ऑफिस कुठे आहे’ म्हणून आपला नंबर लागतो.

तर ते नव्वद डॉलर. ताईने डिसेंबरमध्ये नवी नोकरी धरली होती. पगार दर दोन आठवड्यांनी, तीन हजार डॉलर. त्यातले तीन टक्के ‘फोर-ओ-वन-के’ या नावाने जात होते. फोर-ओ-वन-के म्हणजे तिथल्या कंपन्यांमधली निवृत्तीसाठीची बचत योजना. आपल्या पीएफची लांबची बहीण म्हणा. जानेवारीपासून चार पगार झाले, म्हणजे 360 डॉलर. दर वेळचे नव्वद म्हणजे आपले साडेसात हजारांहून जास्त. मी मनातल्या मनात लगेच गुणाकार केला. भारतातून गेलेल्या माणसाला पहिले काही दिवस हा आजार असतोच.

‘‘पैसे तुझ्याच नावावर आहेत ना?’’ जीजू शांतपणे म्हणाले.

‘‘नावावर कुणाच्या आहेत हा प्रश्नच नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘मला विचारलं कुणी? न्यूयॉर्कच्या जुन्या ऑफिसात ट्रेनच्या पासाचे पैसे कापायचे होते, तर त्यालासुद्धा फॉर्मवर सही घेतली होती. इथे पगारातून सरळ पैसे काढून घेतात, आणि सही नाही, फोन नाही, काही नाही!’’

‘‘मेल आला असेल,’’ जीजू म्हणाले, आणि नातीला झोपवायच्या निमित्ताने सटकले. शहाणा माणूस!

मेल आला होता. सोळा डिसेंबरला, स्वागताच्या मेलसोबत. चौदा अटॅचमेंट्स. त्यातली अकरावी हीच. आम्ही दोघींनी मिळून ती वाचली. मतितार्थ असा, की तुम्ही आम्हाला काही कळवलं नाहीत, तर आम्ही दर पगारातून तीन टक्के कापून तुमच्या खात्यात टाकू. नको असेल तर कधीही थांबवा, कमी-जास्त करा. आणि पहिली कपात झाल्यापासून 90 दिवसांच्या आत सांगितलंत, तर कापलेले पैसे परतही देऊ.

पहिली कपात दहा जानेवारीची. ताईने बोटांवर दिवस मोजले. ‘‘दहा एप्रिल. त्याच्या आत मी एकूण एक पैसा परत घेणारे.’’

मला मात्र त्या कागदातलं पहिलं वाक्यच डोक्यातून जाईना. ‘काही कळवलं नाहीत तर.’ म्हणजे गप्प बसणं म्हणजे हो? आपल्याकडे लग्न जमवताना मुलगी गप्प बसली की ‘लाजली, म्हणजे होकार आहे’ म्हणायचे, तसं?

बाहेर बर्फ, हातात एकही असाइनमेंट नाही, घरात वायफाय जोरदार. मास कॉमला मीडिया लॉचा पेपर मी जेमतेम काढला होता, पण पुढचे चार दिवस मी अमेरिकेतले पगाराचे कायदे वाचत बसले. आणि ताईचा राग किती जुना आहे, ते कळलं.

झालं असं, की तिथे पगारातून काय कापायचं आणि काय नाही, हे मुळात प्रत्येक राज्य ठरवतं. आणि बहुतेक राज्यांचं म्हणणं सरळ आहे. कामगाराचा पगार कामगाराच्या हातात पडला पाहिजे. न्यूयॉर्कच्या कायद्यात, टॅक्ससारख्या सक्तीच्या गोष्टी सोडल्या, तर इतर कपातीसाठी कामगाराची लेखी परवानगी लागते. न्यू जर्सीचा कायदा तर पेन्शन योजनेचं नाव घेऊन सांगतो, की त्यात पैसे वळवायचे असतील तर कामगाराचं लेखी द्या, नाहीतर युनियनचा करार दाखवा.

हे कायदे काही कुणी उगाच केलेले नाहीत. एकेकाळी खाणींच्या आणि गिरण्यांच्या गावांत मालकाचंच दुकान असायचं. पगार हातात पडायच्या आधीच दुकानाची उधारी, खोलीचं भाडं, मोडलेल्या हत्यारांची भरपाई असं सगळं वळतं व्हायचं. महिनाभर राबून माणूस मालकाचंच देणं लागायचा. म्हणून सही. ‘तुझ्या भल्यासाठीच कापतोय’ असं मालक म्हणाला, तरी आधी सही.

मग ताईची सही कुठे गेली?

ती 2006 मध्ये गेली. म्हणजे ताई पिंपरीच्या शाळेत दहावीच्या अभ्यासाला लागली होती तेव्हा.

थोडं मागून सांगते. अमेरिकेत कंपन्यांच्या पेन्शन योजनांसाठी 1974 पासून एक मोठा केंद्रीय कायदा आहे. त्याला तिकडे ‘एरिसा’ म्हणतात. नाव एखाद्या परफ्यूमचं वाटतं, पण त्याच्यामागची गोष्ट रडवणारी आहे. स्टुडबेकर नावाची मोटार कंपनी होती. 1963 च्या डिसेंबरमध्ये तिने इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. पेन्शन फंडात पुरेसा पैसाच नव्हता. चाळिशी-पन्नाशीतल्या चार हजारांहून जास्त कामगारांना कबूल केलेल्या पेन्शनमधले डॉलरमागे साधारण पंधरा सेंट मिळाले. त्याहून तरुण होते, त्यांना काहीच नाही. यावर बरीच वर्षं ओरड झाली आणि 2 सप्टेंबर 1974 ला, तिथल्या कामगारदिनी, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी एरिसावर सही केली.

त्या कायद्यात एक कलम घातलं गेलं. कंपन्यांच्या अशा योजनांशी संबंध येणारे राज्यांचे कायदे बाजूला ठेवायचे आणि सगळ्या देशाला एकच नियम लावायचा. नाहीतर वीस राज्यांत ऑफिसं असलेल्या कंपनीला वीस तऱ्हा सांभाळाव्या लागल्या असत्या. पण ‘संबंध येणारे’ म्हणजे नेमके कोणते? यावर वकिलांच्या पिढ्या पोसल्या गेल्या.

फोर-ओ-वन-के हा प्रकार 1978 च्या एका करकायद्यातून निघाला. त्यात सुरुवातीला तुम्ही स्वतः फॉर्म भरून ‘मला घ्या’ म्हणायचं होतं. आणि माणसं फॉर्म भरेनात! मला याचं काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये न भरलेल्या फॉर्म्सचा एक स्वतंत्र कप्पा आहे.

मग काही कंपन्यांनी गोष्ट उलटी केली. सगळ्यांना आत घ्यायचं, नको असेल त्याने बाहेर पडायचं. 1998 मध्ये तिथल्या करखात्यानेही नव्या कर्मचाऱ्यांसाठी याला हरकत नसल्याचं सांगितलं. 2001 मध्ये ब्रिजिट माड्रियन आणि डेनिस शे या दोघांनी एका मोठ्या कंपनीचा अभ्यास छापला. जुन्या पद्धतीत, नोकरीला लागून फार दिवस न झालेल्यांपैकी 49 टक्के लोक योजनेत होते. आपोआप घ्यायला लागल्यावर तेवढ्याच काळाची नोकरी झालेल्यांपैकी 86 टक्के. पगार त्याच तऱ्हेचे, कंपनी तीच, योजना तीच. फक्त गप्प बसण्याचा अर्थ बदलला.

पण कंपन्यांचे वकील घाबरत होते. करखातं हो म्हणालं, ठीक आहे. पण उद्या न्यूयॉर्कमधल्या एखाद्या कर्मचाऱ्याने आमच्या ताईसारखा आवाज लावला, की माझी सही दाखवा, तर? केंद्राचा कायदा मोठा की राज्याचा, हे कोर्टात जाऊन बघायची हौस कुणाला असते?

ती धाकधूक संपवली 17 ऑगस्ट 2006 ला सही झालेल्या पेन्शन प्रोटेक्शन अ‍ॅक्टने. त्याने एरिसात नवं पोटकलमच घातलं. अशा आपोआप कपातीला आडवा येणारा राज्याचा कोणताही कायदा, सरळ आडवा येवो की आडून, इथे चालणार नाही. बदल्यात अटी घातल्या. आधी नोटीस द्या, बाहेर पडायची वाट ठेवा, आणि कर्मचाऱ्याने काहीच निवडलं नाही तर त्याचे पैसे कुठे गुंतवायचे त्याचेही नियम पाळा. म्हणजे सहीची जागा नोटिशीने घेतली. ताईच्या चौदा अटॅचमेंट्समधल्या अकराव्या अटॅचमेंटने.

आणि 2022 च्या डिसेंबरअखेर आलेल्या कायद्याने त्याच्याही पुढे उडी मारली. त्यानंतर निघालेल्या बहुतेक नव्या फोर-ओ-वन-के योजनांना, काही छोट्या आणि नव्या कंपन्या वगळता, 2025 पासून कर्मचाऱ्यांना आपोआप घेणं सक्तीचंच झालं. कपात तीन ते दहा टक्क्यांपासून सुरू, आणि दरवर्षी एकेक टक्क्याने वाढत किमान दहापर्यंत. ताईच्या कंपनीची योजना 2023 मधली. म्हणजे कंपनीला विचारायचं असतं, तरी तिने कुणाला विचारायचं? तिलाही कुणी विचारलं नव्हतं!

हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर मोठ्या उत्साहाने सांगितलं. ताई पोळी मोडता मोडता म्हणाली, ‘‘म्हणजे माझी सही घ्यायचा नियम होता, आणि तो मोडला नाही, पुसला.’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिचा राग नुसता तत्त्वाचा नव्हता, हेही सांगायला हवं. ताई-जीजूंचं अजून एच-वन-बीवरच चाललंय. ग्रीन कार्डची रांग हलत नाही. तीन-चार वर्षांत पुण्याला परतायचं, असं दर रविवारी ठरतं आणि सोमवारी बारगळतं. तिच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे 6.2 टक्के आधीच जातात. तिथली पेन्शन मिळायला साधारण दहा वर्षं काम भरावं लागतं. काही देशांचे अमेरिकेशी करार आहेत, तिथली वर्षं इथे जोडून मिळतात. भारताशी तसा करार 2025 मध्येही नव्हता. म्हणजे आधी परतलो तर ते पैसे तिथेच राहायचे. त्यात आता हे! फोर-ओ-वन-केमधून साडेएकोणसाठाव्या वर्षाच्या आधी पैसे काढले, तर बहुतेक वेळा टॅक्स वर दहा टक्के जादा.

‘‘साडेएकोणसाठाव्या वर्षी मी कोथरूडमध्ये ज्येष्ठ नागरिक संघात भजन म्हणत असेन,’’ ताई म्हणाली. ‘‘हे लोक धरून चालतात की आपण जन्मभर इथेच राहणार. राहू तर देत नाहीत!’’

हसायला आलं, पण फार नाही.

त्याच सुमारास एका रविवारी ओळखीच्या काकांकडे जेवायला गेलो. त्यांचा केटरिंगचा धंदा आहे, तीसेक माणसं कामाला. आळूची भाजी अशी, की एडिसनमध्ये आहोत हे विसरावं. मी नेहमीप्रमाणे विषय काढला, तर काका उसळलेच.

‘‘मला विचार! मागच्या वर्षी राज्य सरकारचं पत्र आलं. तुमच्याकडे पंचवीसच्या वर माणसं आहेत, पेन्शनची योजना नाही, तर त्यांची नावं आमच्याकडे नोंदवा आणि पगारातून तीन टक्के कापून पाठवा. पोरांनी विचारलं, काका, पैसे कमी का? आता मी त्यांना कायदा समजावू की पुऱ्या तळू?’’

ही दुसरी गंमत. जी राज्यं ‘सहीशिवाय कापायचं नाही’ म्हणत होती, त्यातलीच काही आता स्वतःच आपोआप कापायला निघाली आहेत. कारण छोट्या धंद्यांत कुठलीच योजना नसते. ओरेगॉनने 2017 मध्ये सुरुवात केली, मग इलिनॉय, कॅलिफोर्निया. न्यू जर्सीने 2019 मध्ये कायदा केला आणि 2024 मध्ये तो राबवायला घेतला. यात मालकाने स्वतःचे पैसे घालायचे नसतात, फक्त कापून पाठवायचे. कामगाराला नको असेल तर तो बाहेर पडू शकतो.

आणि याच्याविरुद्ध कोर्टात जाताना हत्यार कोणतं काढलं असेल? तीच एरिसा! कॅलिफोर्नियातली करदात्यांची एक संघटना 2018 मध्ये कोर्टात गेली. पेन्शन हा केंद्राच्या कायद्याचा प्रांत आहे, राज्याने त्यात पडू नये, असं तिचं म्हणणं. 2021 च्या मे महिन्यात अपील कोर्टाने सांगितलं, की ही योजना राज्याची आहे, मालकाची नाही. मालक फक्त पैसे पोचवतो. त्यामुळे एरिसा आड येत नाही. 2022 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानेही ते प्रकरण ऐकायला नकार दिला.

म्हणजे एकदा केंद्राने राज्यांना बाजूला सारलं, एकदा राज्यं केंद्राच्या बाजूने निसटली. दोन्ही वेळा निकाल एकच लागला. गप्प बसलात तर कापणार.

काकांकडून परतताना गाडीत ताई म्हणाली, ‘‘सगळ्यांना आपल्या भल्याची फार काळजी. विचारायची मात्र कुणाची तयारी नाही.’’

मागच्या सीटवर बाबा होते. बाबा फार बोलत नाहीत. छत्तीस वर्षं चिंचवडच्या कारखान्यात टूलरूममध्ये काढली, मशीनच्या आवाजात बोलून उपयोग नसतो म्हणतात. त्या दिवशी ते एकदम म्हणाले, ‘‘मी भांडायला गेलो होतो.’’

‘‘कुठे?’’

‘‘टाइम ऑफिसात. एक्क्याऐंशी साली. पहिला पगार हातात आला तर पीएफचे चाळीस-पन्नास रुपये कापलेले. खोलीचं भाडं साठ रुपये होतं. मी त्या क्लार्कला म्हटलं, मला नको तुमचा फंड, माझे पैसे द्या. तो हसला. म्हणाला, तुम्हाला हवं-नको कुणी विचारलंय? कापणारच.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. कापत राहिले.’’ बाबा खिडकीबाहेर बघत होते. ‘‘तुझी अमेरिकेची पहिल्या सेमिस्टरची फी भरायची होती, दोन हजार चौदा साली. बँकेचं कर्ज पुरत नव्हतं. तेव्हा पीएफमधूनच उचलले. मुलांच्या शिक्षणाला देतात ते. फॉर्म भरताना मला त्या क्लार्कची आठवण झाली होती. बरं झालं, त्याने ऐकलं नाही.’’

गाडीत कुणीच काही बोललं नाही. वायपर तेवढा किरकिरत होता.

फी कुठून आली हे आम्हा दोघींना माहीतच नव्हतं. कर्जातून, असंच आम्ही धरून चाललो होतो. ताईने पुढे बघूनच विचारलं, ‘‘बाबा, कधी सांगितलं नाहीत?’’

‘‘तू कधी विचारलं नाहीस,’’ बाबा म्हणाले. रागाने नाही. नुसतंच.

घरी आल्यावर कुणी त्यावर चर्चा केली नाही. आमच्या घरात अशा गोष्टींवर चर्चा करत नाहीत, चहा टाकतात. पण रात्री ताई परत ती अकरावी अटॅचमेंट उघडून बसली. मी शेजारी.

आता आम्ही हिशेब नीट मांडला. 21 मार्चपर्यंत सहा पगार, 540 डॉलर. तिची कंपनी चार टक्क्यांपर्यंत कर्मचारी टाकेल तेवढेच स्वतःचे टाकते. म्हणजे कंपनीचेही 540. नव्वद दिवसांत ताईने आपले पैसे परत घेतले, तर त्यावरचे कंपनीचे पैसे हातचे जाणार. परत घेतलेल्या पैशांवर टॅक्स लागेल, पण तो दहा टक्क्यांचा जादा भुर्दंड नाही. भारतात परतलो तर? खाते तिच्याच नावावर राहू शकतं. नोकरी सोडल्यावर सात हजार डॉलरपर्यंतची किरकोळ खाती कंपनी तुम्हाला न विचारता हलवू शकते, त्याच्या वर असेल तर नाही.

‘‘आणि हे बघ,’’ मी म्हटलं. ‘‘कंपनी चार टक्क्यांपर्यंत देते, आणि तुझे आपोआप तीनच कापले जातायत. म्हणजे दर पगाराला कंपनीचे तीस डॉलर तू सोडून देतेस.’’

माड्रियन आणि शे यांच्या अभ्यासात हेही होतं. आपोआप आत आलेले बरेच लोक त्या तीन टक्क्यांवरच चिकटून राहिले, आणि पैसेही जिथे आपोआप गेले तिथेच ठेवले. ज्याने आपल्याला आत ढकललं, त्याने आपल्यासाठी योग्यच आकडा निवडला असेल, असं आपण समजतो. त्याने तो निवडलेला असतो सगळ्यांसाठी. एकट्या तुमच्यासाठी नव्हे.

ताई बराच वेळ कर्सर नुसता इकडेतिकडे फिरवत राहिली. पैसे परत मागायचा फॉर्म एका टॅबमध्ये उघडा होता. दुसऱ्या टॅबमध्ये टक्केवारी बदलायची चौकट. शेवटी तिने चौकटीत चार टाइप केलं. मग पैसे कुठे गुंतवायचे ते पान उघडलं, जीजूंना हाक मारली, आणि दोघं तासभर भांडत तेही निवडत बसले.

आणि मग तिने एचआरला एक मेल लिहिला. भाषा एकदम सभ्य. मी योजनेत राहतेय, धन्यवाद. पण यापुढे नव्या माणसाला जॉइन होताना एक पानाचा कागद द्या. त्यावर दोनच चौकटी, ‘हो’ आणि ‘नाही’. चौदा अटॅचमेंट्समध्ये लपवू नका.

तीन दिवसांनी उत्तर आलं. आमची नोटीस कायद्याप्रमाणे पुरेशी आहे, सूचनेबद्दल आभार.

‘‘बघ,’’ ताई म्हणाली. ‘‘पैसे ठेवले म्हणून राग गेलाय असं समजू नकोस.’’

मला ते पटलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. बाबांचा क्लार्क बरोबर निघाला, म्हणून त्याचं हसणं बरोबर ठरत नाही.

राहता राहिले मी.

तुम्हाला वाटेल, ही सगळ्यांना शहाणपण शिकवतेय, हिचं काय? तर ऐका. मी 2019 ते 2021 नोकरी केली, तेव्हा माझाही पीएफ कापला जायचा. नोकरी सोडल्यावर तेव्हाच्या नियमाने दोन महिने थांबले, ऑनलाइन अर्ज केला आणि सगळे पैसे काढून घेतले. अर्ध्यात लॅपटॉप आला, अर्ध्यात लडाख. लडाखचे फोटो अजूनही सुंदर आहेत. त्यानंतर चार वर्षं म्हातारपणाच्या नावाने एक रुपया बाजूला टाकला नव्हता. फ्रीलान्सरचा पगार कापणारं कुणी नसतं, कारण पगारच नसतो. अमेरिकेतही तेच. हे सगळे कायदे नोकरी करणाऱ्यांसाठी. स्वतःचं स्वतः काम करणाऱ्याला कुणी आपोआप आत घेत नाही.

म्हणजे ताई गप्प बसली, तर तिच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘हो’ लावला गेला. मी गप्प बसले, तर माझा अर्थ ‘नाही’ लावला गेला. खरं सांगायचं तर आम्ही दोघींनीही काहीच ठरवलं नव्हतं. तिच्या नशिबाने तिच्या बाजूला 2006 चा कायदा होता. माझ्या बाजूला लडाखचे फोटो.

एप्रिलमध्ये पुण्याला परतलो. जेटलॅगमुळे पहाटे तीनला जाग आली. आई-बाबा दोघं स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते. मी लॅपटॉप उघडला. एनपीएस 2009 पासून सगळ्या नागरिकांसाठी खुली आहे, म्हणजे माझ्यासारख्यांसाठीही. एवढी वर्षं मला ते माहीत होतं, मी त्यावर एकदा सहाशे शब्दांचा लेखही लिहिला होता! खातं मात्र उघडलं नव्हतं.

सगळे रकाने भरत गेले. शेवटी बँकेच्या ऑटो-डेबिटचं पान आलं. दर महिन्याच्या पाच तारखेला दोन हजार रुपये. खाली ओटीपी टाकायची जागा.

‘‘काय करतेस गं एवढ्या पहाटे?’’ बाबांनी विचारलं.

‘‘पैसे कापून घ्यायची परवानगी देतेय.’’

‘‘कुणाला?’’

‘‘मलाच.’’

बाबांनी चष्मा लावला, वाकून स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाले, ‘‘सही कर.’’

मी ओटीपी टाकला. आमच्या घरातल्या तिघांपैकी, पहिली कपात व्हायच्या आधी जिची परवानगी घेतली गेली, अशी मी पहिलीच. पाच मेला दोन हजार गेल्याचा मेसेज आला, तेव्हा मीही दोन मिनिटं ताईच्याच आवाजात ओरडले. ते चालायचंच.